हरताळ आणि हायलाइट

‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार मराठीत आजही चलनात आहे. त्यामागची कृती मात्र विस्मृतीत गेली. हस्तलिखित पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावून ते झाकले जाई आणि त्यावर दुरुस्ती केली जाई. ज्या पिवळ्या रंगाने आज आपण ‘हे महत्त्वाचे’ असे सांगतो, त्याच पिवळ्या रंगाने आपले लेखनिक ‘हे रद्द’ असे सांगत. रंगाला अंगचा अर्थ नसतो. तो संकेताने येतो, आणि ज्याच्यापर्यंत संकेत पोहोचत नाही त्याच्या लेखी तो अर्थ अस्तित्वातच नसतो. पडद्यावरचा मजकूर ठळक करण्याची साधने घडविणारे हे विसरतात, अशी आमची तक्रार आहे.

आज संकेतस्थळे मुळापासून कोणी लिहीत नाही. बटण, यादी, चौकट असे तयार घटक पुरविणाऱ्या लायब्ररी असतात, आणि ‘चक्रा यूआय’ किंवा ‘मँटाइन’ यांसारख्या लायब्ररींत मजकूर हायलाइट करण्याचाही घटक असतो. त्याला उतारा द्यावा, शोधशब्द द्यावा. तो शब्द जिथे आढळेल तिथे रंग चढतो. एकाने घडविलेला घटक असंख्य ठिकाणी वापरला जातो, म्हणून त्यातला दोषही असंख्य ठिकाणी जातो. त्यामुळे हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा राहत नाही. उताऱ्यातील एखादा शब्द उचलून दाखविणे ही मुळात टीकाकाराची आणि अध्यापकाची कृती आहे.

पहिला मुद्दा न दिसणाऱ्या वाचकाचा. एचटीएमएल ५ ची शिफारस २०१४ साली झाली. तीत यासाठी ‘मार्क’ नावाचा स्वतंत्र घटक आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी तो न वापरता केवळ पार्श्वभूमीचा रंग बदलला जातो. ऐकून वाचणाऱ्या अंध विद्यार्थ्याला मग तो उतारा सपाट ऐकू येतो. ‘अधोरेखित ओळीचे रसग्रहण करा’ असा प्रश्न त्याच्यापुढे आला, तर त्याला प्रश्नच मिळालेला नसतो. ‘मार्क’ वापरला की काम संपले असेही नाही. काही स्क्रीन रीडर तो उच्चारतात, काही उच्चारत नाहीत, काहींत ती सोय वाचकाला स्वतः सुरू करावी लागते. म्हणून अर्थ जिथे त्या खुणेवर अवलंबून आहे, तिथे ‘ठळक भाग सुरू’, ‘ठळक भाग समाप्त’ असे न दिसणारे पण ऐकू येणारे शब्द घटकाने पुरविले पाहिजेत. आणि ते मराठीत पुरविले पाहिजेत. मराठी ओवीच्या मधोमध इंग्रजी सूचना उच्चारली जाणे हा वाचनाचा भंगच होय.

दुसरा मुद्दा अंधुक दिसणाऱ्यांचा. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका फरक हवा. शुद्ध पिवळ्यावर काळे अक्षर ही कसोटी सहज पार करते. पण पांढऱ्या पानावर तोच पिवळा पट्टा जेमतेम १.०७ : १ इतका उठतो. अक्षर वाचता येते, खूण दिसत नाही! ‘केवळ रंगाने माहिती देऊ नका’ हा निकष २००८ सालच्या आवृत्तीतही होता आणि २०२३ सालच्या २.२ या आवृत्तीतही आहे. अधोरेषा किंवा ठसठशीत वळण यांची जोड देण्यास कितीसे कष्ट पडतात?

तिसरा मुद्दा आपल्या लिपीचा, आणि इथे मराठीच्या अध्यापकाखेरीज दुसरा कोणी बोलणार नाही. यंत्राच्या लेखी ‘स्त्री’ हे सहा संकेतांचे कडबोळे आहे. आपल्या लेखी ते एक अक्षर आहे. ‘क’ शोधला असता ‘की’मधला क तेवढा रंगतो आणि वेलांटी बिनरंगाची उरते. खुणेच्या दोन्ही बाजूंना शोभेसाठी पोकळी ठेवली आणि सीमा जोडाक्षराच्या मधोमध आली, तर जोडाक्षर तुटते. त्याहून गंभीर गोष्ट ‘ऱ’ची. हा वर्ण एका संकेतानेही लिहिता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता असाही. दोन्ही रूपे एकच मानली नाहीत तर शोध अर्धा राहतो. आणि नुक्ता सरसकट गाळला तर ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ एक होतात. गुरू आणि स्वयंपाकी यांना एकाच रंगात रंगविणाऱ्या साधनाला मराठी कळते असे म्हणायचे काय? यावर उपाय नाही अशी सबब आता चालणार नाही. युनिकोडच्या २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम आला आहे. दासबोधात समर्थांनी लेखनक्रियेसाठी एक संपूर्ण समास खर्ची घातला. काना, मात्रा, वेलांटीची ती आस्था आज प्रोग्रॅमरकडे मागणे गैर नाही.

यावर एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे. प्रत्येक खूण ऐकविली तर ऐकणारा वाचक हैराण होईल. हे खरे आहे. शोधात शंभर ठिकाणी सापडलेला शब्द शंभरदा घोषित करणे हा छळ आहे. पण यातून मौन हा निष्कर्ष निघत नाही. यंत्राने सापडलेला शब्द दाखविणे आणि संपादकाने अर्थासाठी शब्द उचलणे या दोन भिन्न कृती आहेत. पहिलीत एकूण संख्या सांगून पुढच्या स्थळी जाण्याची सोय पुरे. दुसरीत प्रत्येक खूण ऐकू आली पाहिजे. घटकाने हा भेद ओळखावा आणि अंतिम निवड वाचकाच्या हाती ठेवावी.

दुसरा आक्षेप आम्हांला ऐकवला जातो तो असा, की अशा वाचकांची संख्या किती? हा युक्तिवाद मराठीच्या माणसाने तरी करू नये. ‘तुमचे वाचक किती?’ हाच प्रश्न विचारून मराठीला आजवर प्रत्येक नव्या यंत्रात रांगेच्या शेवटी उभे केले गेले. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातील आशय सुलभ स्वरूपात मिळेल याची तजवीज करणे ही शासनाची जबाबदारी आहे. कायदा हक्काची भाषा बोलतो. डोकी मोजत नाही.

कोंढ्यासारख्या गावातला विद्यार्थी संदर्भग्रंथ पाहतो तो बहुधा मोबाइलच्या पडद्यावर. जिल्ह्याच्या ग्रंथालयापर्यंत जाणे ज्याला कठीण, त्यातही ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी पडदा हाच ग्रंथ आहे. म्हणून आमची मागणी मोजकी आहे. विद्यापीठे, साहित्यसंस्था आणि प्रकाशक यांनी मराठी ग्रंथांची संकेतस्थळे करवून घेताना करारात तीन अटी घालाव्यात : खूण ऐकू यावी, खूण रंगावाचूनही दिसावी, खूण अक्षर तोडू नये. आणि काम स्वीकारण्यापूर्वी ते एखाद्या अंध वाचकाकडून तपासून घ्यावे. तोवर आपण रंगविलेली प्रत्येक ओळ त्या वाचकाच्या लेखी हरताळच फासलेली आहे.