सातबाऱ्यावर मोजलेली घरं

किल्लारी म्हटलं की आपल्या पिढीला दोनच गोष्टी ऐकवल्या जातात. एक, निसर्गाचा कोप. दोन, माणुसकीचा महापूर. मला दोन्हींचा कंटाळा आलाय, कारण दोन्हींमध्ये कुणालाच काही विचारता येत नाही.

आधी कोप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. ६.२ तीव्रतेचा धक्का म्हणजे जगाच्या हिशोबात मध्यम. तरी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून ८,०००च्या आसपास माणसं गेली, काही नोंदींत त्याहून बरीच जास्त. माणसं मारली ती दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंतींनी. दगड पांढऱ्या मातीत बसवलेले, दोन थरांना बांधून ठेवणारं आत काही नाही, आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात घर गार राहायचं, म्हणून लोकांनी तसं बांधलं. त्यांचा दोष नाही. सरकारी भूकंप नकाशातच किल्लारी पहिल्या क्षेत्रात, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. २००२च्या नकाशात ते पहिलं क्षेत्रच काढून टाकलं. म्हणजे नकाशा दुरुस्त झाला, पण हजारो माणसं गेल्यावर.

आता माणुसकी. ती खरी होती, नाकारत नाही. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, हे काम छोटं नाही. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देणगीदार संस्था आल्या, ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. पण नव्या गावातलं घर किती मोठं, हे कसं ठरलं माहितीये? जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. त्याच्या वर ७५०. भिंत सगळ्यांवर सारखीच पडली होती, मदत मात्र सातबारा वाचून आली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून हे मला जास्त खुपतं. टेबलात कोणते रकाने ठेवायचे हे एकदा ठरलं की कोण दिसणार आणि कोण नाही, हेही ठरतं. नंतर कितीही प्रेमाने डेटा भरा, जो रकाना नाही त्यातला माणूस सापडत नाही. ‘जमीन किती’ हा रकाना होता. ‘घरात माणसं किती’ हा प्रश्न घर मोजताना मागे पडला.

त्याच कार्यक्रमातला खरा धडा मात्र कुणी सांगत नाही, कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नव्हतं. जी गावं हलवली नाहीत, तिथल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. पैसे घरमालकाला हप्त्याहप्त्याने, सोबत इंजिनिअरचा सल्ला. छपरावरची माती कमी करायची, भिंतीला आरपार दगड घालायचे, लाकडी खांब-तुळयांना तिरके आधार द्यायचे. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. कोणता हप्ता अडलाय, गवंडी काय चुकतोय, हे त्या बघायच्या. घर पडायच्या आधी सरकारने त्यावर पैसा घातला! आपल्याकडे हे इतकं दुर्मिळ आहे की मला ते दोनदा वाचावं लागलं.

आणि आता भिवंडी. इथे तर भूकंपाचीही गरज नाही. २१ सप्टेंबर २०२०ला धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमध्ये जिलानी इमारत पहाटे पावणेचारच्या सुमारास कोसळली. जवळपास ४० जीव गेले. जमीन जागची हललीही नव्हती. हे शहर त्याच २००२च्या नकाशात तिसऱ्या, मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आहे, आणि पलीकडे डहाणू-तलासरीत २०१८च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांचं सत्र सुरू झालं. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाडं, अशा इमारतींचं तेव्हा काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आपलं उत्तर काय? पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी, भिंतीवर नोटीस, मग पाणी आणि वीज तोडायचा इशारा. लोक आडमुठे आहेत, खाली करत नाहीत, असं वर ऐकवायचं. अहो, का करतील? पागडीची खोली एकदा सोडली की परत मिळेल असं लिहून कोण देतं? उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून आलेल्या कामगाराकडे सातबारा नाही, अनेकदा भाडेकरारही नाही. कुठल्याच टेबलात त्याला रकाना नाही. तो त्या खोलीत राहतोय, एवढाच त्याचा पुरावा, आणि नोटीस त्याला तोच पुरावा सोडायला सांगते.

इमारत पडली की मात्र आपण सगळे जागे होतो. चादरी, बिस्किटं, क्यूआर कोड. त्यात वाईट काही नाही, मीही पैसे पाठवतो. पण मराठवाड्यातल्या दोन लाख घरांसाठी जे जमलं, ते इथे का जमू नये? नोटिशीसोबत इमारतीच्या तपासणीचा खर्च आणि दुरुस्तीचा पहिला हप्ता द्या. आत राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि त्याच्या खोलीचं क्षेत्रफळ महापालिकेच्या शिक्क्यानिशी त्याच्या हातात द्या, मालकाला विचारून नव्हे, दार वाजवून. मग कोण खाली करत नाही, ते बघू.