याचा उपयोग काय म्हणे!

मंडळी, या वीकांताला जरा भांडायचं आहे. भांडण "याचा उपयोग काय?" आणि "हे परीक्षेला येतं का?" या दोन प्रश्नांशी. आमच्या मुखेडहून लातूरला क्लाससाठी जाणाऱ्या प्रत्येक पोराला ते वह्यांसोबतच मिळतात.

आता एक भारी गोष्ट ऐका. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून अणू दिसतात, पण आत निर्वात पोकळी लागते, कारण हवेत इलेक्ट्रॉन विखुरतात. म्हणजे वस्तू वाळवून, निपचित करूनच बघायची. आपल्या धंद्यातलं सांगायचं तर चालू प्रोग्राम सोडून नुसता कोअर डंप चाळायचा! पुण्यात जन्मलेल्या प्रतिभा गाई यांनी वर्षानुवर्षं खपून असा मायक्रोस्कोप घडवला की गरम वायूत चालू असलेली रासायनिक क्रिया अणूंच्या पातळीवर दिसू लागली. त्याचं पेटंटही घेतलं नाही, सगळ्यांना वापरता यावा म्हणून. लातूरच्या किती पोरांना हे नाव माहीत आहे?

२०१२ मध्ये बर्कलेच्या संशोधकांनी द्रवाचा थेंबच ग्राफीनच्या दोन पापुद्र्यांत कोंडला. त्यात प्लॅटिनमचे नॅनोकण वाढताना, एकमेकांना चिकटताना दिसले. द्रवात हे कण आपोआप गिरक्या घेतात. मग असंख्य फ्रेम्स जोडून २०२० मध्ये कणातला एकेक अणू कुठे बसलाय तेही त्रिमितीत काढलं गेलं. निष्कर्ष? एकाच बॅचचे कण आतून सारखे नसतात!

उपयोग हवाय ना? फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनम किती काम करेल, ते असल्या बारीक फरकांवरही ठरतं. पण हा उपयोग कळला तो आधी कुणीतरी निव्वळ कुतूहलाने डोळा लावला म्हणून.

लातूर पॅटर्नने खेड्यातली पोरं डॉक्टर-इंजिनियर केली, मान्य. मीही त्यातलाच. पण आम्ही स्फटिकांची गणितं शेकड्याने सोडवली, स्फटिक वाढताना एकदाही पाहिला नाही. मिठाच्या पाण्याचा थेंब काचेवर सुकू द्या आणि साध्या मायक्रोस्कोपखाली बघा, दहा मिनिटांचं काम आहे. एका पोराच्या क्लासच्या फीत असे कित्येक मायक्रोस्कोप येतील.

तेव्हा गावी पोरांना बक्षीस द्यायचं असेल, तर गाईड देऊ नका. मायक्रोस्कोप द्या. आणि "उपयोग काय?" असं कुणी विचारलंच, तर त्यालाही डोळा लावायला सांगा.