मागून येणाऱ्यासाठी

आपल्या भागात एस.टी.ने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने घाटावळणावर ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी वाचलेली असते. हद्द ओलांडली की तीच पाटी ‘अवसरवे अपघातक्के कारण’ होऊन भेटते. गेल्या उन्हाळी सुटीत आत्याकडे, इंदूर जिल्ह्यातील देपालपूरला जाण्याचा योग आला, तेव्हा तिकडच्या रस्त्यावर ‘दुर्घटना से देर भली’ वाचले. भाषा तीन, उपदेश एकच. घाई करू नका! उपदेश चांगलाच आहे. परंतु त्या सुटीत जे पाहिले त्यावरून मला वाटू लागले आहे की, ह्या तिन्ही पाट्यांत एक गोष्ट सांगावयाची राहून गेली आहे. घरातून निघण्यापूर्वी काय करावे, हे त्यांतील एकही पाटी सांगत नाही.

देपालपूर म्हणजे माळव्याचा काळ्या मातीचा, गहू-सोयाबीनचा मुलूख. होळकरांच्या निमित्ताने तिकडे गेलेली मराठी घरे आजही त्या बाजूस आहेत. आत्याचे सासर त्यांतलेच. माझा आतेभाऊ इंदूरला नोकरी करतो. मी पोहोचलो तेव्हा अंगणातील कडुनिंबाखाली गोणपाट अंथरून तो आपल्या मोटारसायकलचा एक एक भाग सुटा करीत बसला होता. गाडी दोनशे सी.सी.ची, चाकणच्या कारखान्यातली, दुसऱ्याकडून विकत घेतलेली. मला वाटले, बिघडली असावी. तसे काही नव्हते. कोइमतूरजवळच्या ‘कारी मोटार स्पीडवे’वर त्याला एक दिवस गाडी चालवायची होती आणि त्यासाठी ही पंधरा दिवसांची तयारी चालली होती.

हा प्रकार शर्यतीचा नव्हे. फी भरायची आणि बंदिस्त धावपट्टीवर आपली गाडी आपल्या कुवतीनुसार चालवावयाची. नंबर नाही, बक्षीस नाही. समोरून येणारा ट्रक नाही, आडवी येणारी म्हैस नाही, शाळा सुटल्यावर धावत रस्ता ओलांडणारे मूल नाही. गंमत अशी की, देपालपूरपासून तासाभराच्या अंतरावर पिथमपूर आहे. पुण्याच्या फिरोदियांची ‘कायनेटिक होंडा’ एके काळी तेथेच तयार होत असे. त्याच पिथमपुरात जून २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान चाचणी-मार्गाचे उद्घाटन झाले. आशियातील सर्वांत लांब म्हणून त्याचा तेव्हा गौरव झाला. परंतु तो मार्ग मुळात वाहनांच्या चाचण्यांसाठी बांधलेला, हौशी तरुणांच्या सरावासाठी नव्हे. म्हणून देपालपूरच्या मुलाने टाकीतले पेट्रोल रिकामे करून, गाडी गोणपाटात बांधून, रेल्वेच्या पार्सलने थेट तामिळनाडूत पाठवायची!

पण मला सांगावयाचे आहे ते त्या अंगणातील कामाविषयी. माझी समजूत होती की, अशा दिवसाची तयारी म्हणजे गाडी अधिक पळावी म्हणून केलेल्या युक्त्या. मोठा आवाज करणारा सायलेन्सर वगैरे. तसे काहीच दिसले नाही. पंधरा दिवसांत दादाने इंजिनची ताकद तसूभरही वाढविली नाही. त्याने काढले, तपासले, बदलले आणि बांधले.

आधी काढण्याच्या वस्तू. आरसे, नंबरप्लेट, साइड इंडिकेटर, स्टँड आणि आपल्या देशाचे वैशिष्ट्य असलेला साडी-गार्ड. जे गाडी पडल्यावर फुटून विखुरते किंवा जमिनीत रुतते, ते सर्व. हेडलाइटच्या काचेवर त्याने चिकटपट्ट्या लावल्या. मी विचारले, “दादा, काच फुटलीच तर पट्टीने ती थोडीच वाचणार?”

तो म्हणाला, “काच वाचवायची नाहीच. तिचे तुकडे मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जाऊ नयेत म्हणून पट्टी.”

नंतर रेडिएटर. त्यातले हिरवे कूलंट काढून त्याने साधे पाणी भरले. कूलंटमध्ये ग्लायकॉल असते. ते रस्त्यावर सांडले तर तेलासारखे निसरडे होते आणि लवकर वाळतही नाही. पाणी वाळून जाते. म्हणून जागतिक मोटारसायकल शर्यतींच्या नियमांत ग्लायकॉलला मज्जाव आहे. घरी परतल्यावर मात्र पुन्हा कूलंट भरायचे, नाहीतर आतून गंज चढतो. तीच गोष्ट इंजिन-ऑइलच्या बोल्टची. त्याच्या डोक्यास बारीक भोक पाडून त्यातून तार ओवली आणि ती पीळ देऊन बांधून टाकली. थरथरीने बोल्ट सैल झाला तरी गळून पडायचा नाही. तेल सांडले तर पहिला घसरणार तो बहुधा मागचा.

ब्रेकचे शास्त्र मला तेथेच प्रथम कळले. ब्रेक-ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट-४’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरल्यावरच्या चाचणीत तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. वारंवार जोरात ब्रेक दाबले की ऑइल तापते, जुने असेल तर उकळते, बुडबुडे होतात आणि लीव्हर हातात पोकळ लागतो. दाबला तरी गाडी थांबत नाही. म्हणून दादाने जुने ऑइल काढून नवे भरले, पॅड बदलले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३५२१’ म्हणजे २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे झालेले असू शकते, हे त्या आकड्यांवरून समजते. चेन फार सैल नको तशी फार ताणलेलीही नको. चाकांचे नट पान्याने आवळून झाल्यावर प्रत्येकावर त्याने पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. रेघ हलली की नट हलला. शेवटी ॲक्सिलरेटर पिळून सोडून दिला. तो आपोआप परत येतो की नाही हे दहादा पाहिले.

हे सर्व पाहून कंटाळून मी म्हणालो, “एवढी उठाठेव एका दिवसासाठी?”

दादा हसला. “अरे भिया, तिथे आत सोडण्याआधी तपासनीस गाडी हलवून, दाबून बघतो. एक नट सैल दिसला तरी परत पाठवतो. रस्त्यावर विचारतो का कोणी?”

मित्रहो, हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांस शिकवितात की, यंत्रावर घसारा आकारावा, संभाव्य तोट्याची तरतूद करावी आणि हिशेब त्रयस्थाकडून तपासून घ्यावेत. मोटारसायकल हे यंत्रच आहे. तिचा घसारा कागदावर नव्हे, तर ब्रेकच्या पॅडवर दररोज पडत असतो. मग आपण त्याची तरतूद कधी करतो? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतील शेकडा ४४.५ दुचाकीवरची होती. आकडे मोठे असले की मन बधिर होते. म्हणून माझाच लहान आकडा सांगतो.

घरी परतल्यावर मी माझी गाडी पाहिली. दोनच महिन्यांपूर्वी तिचे ‘सर्व्हिसिंग’ झाले होते. म्हणजे ती धुतली गेली होती आणि चकचकीत दिसत होती. पुढच्या ब्रेकच्या पॅडवर मसाला जवळजवळ उरलाच नव्हता. ब्रेक-ऑइल चहासारखे काळपट झाले होते. मागच्या टायरवरचे आकडे वाचले तेव्हा मी अकरावीत होतो त्या वर्षाचा हिशेब लागला. ह्याच गाडीवर रोज सकाळी माझी धाकटी बहीण मागे बसून कॉलेजला येत होती. गॅरेजवाल्यास मी दोष देत नाही. मी त्यास धुवायला सांगितले होते, त्याने धुतली. डोळे माझे होते आणि मी ते आरशात भांग पाहण्यासाठी वापरीत होतो. पॅड, ऑइल आणि मेस्त्रीची मजुरी मिळून जो खर्च आला, तो दोघांच्या सिनेमा-हॉटेलच्या खर्चाहून फारसा अधिक नव्हता.

कोणी म्हणेल, हे सारे श्रीमंती चोचले. धावपट्टी नको आणि तिची तयारीही नको. कोणी ह्याच्या उलट म्हणेल की, तयारी झाली म्हणजे भय संपले. दोन्ही खरे नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या धावपट्टीवर एका राष्ट्रीय स्पर्धेत बंगळूरचा अवघा तेरा वर्षांचा स्पर्धक मृत्युमुखी पडला. जेथे तपासनीस असतात, डॉक्टर असतात, तेथेही वेग आपली किंमत मागतोच. मग जेथे ह्यांपैकी काहीच नाही, त्या आपल्या कॉलेज-रोडवर शनिवारी दुपारी होणाऱ्या शर्यतींस काय म्हणावे? ज्यांना वेगाची हौस असेल त्यांनी पैसे साठवून, तयारी करून, बंदिस्त जागी जावे. ज्यांना ती नसेल त्यांनी निदान तयारी तेवढी उचलावी.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात एक सकाळ आपल्या सायकल-स्टँडवर गाड्यांच्या तपासणीसाठी ठेवावी. राष्ट्रीय सेवा योजनेने पुढाकार घ्यावा, आय.टी.आय.मधील मित्रांना बोलवावे, प्राध्यापकांनीही आपल्या स्कूटर आणाव्यात. टायर, ब्रेक, चेन, नट, दिवे, हेल्मेटचा पट्टा हे सहा प्रश्न, एक कागद आणि खाली सही. कागदाचा मजकूर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत मी स्वतः लिहून देईन.

दादा कोइमतूरला जाऊन सुखरूप परतला. किती वेगाने गेलास, असे मी विचारले नाही. तो अंगणात बसून आरसे, नंबरप्लेट आणि साडी-गार्ड पुन्हा जागच्या जागी लावीत होता. कारण दुसऱ्या दिवशी आत्याला मागे बसवून बाजारात जायचे होते.