पार्सलमधले घड्याळ



दहावीची परीक्षा जवळ आली की आमच्या बीबी गावात घड्याळांची पार्सले येऊ लागतात. परीक्षा केंद्रात मोबाइल चालत नाही, स्मार्ट घड्याळही चालत नाही, म्हणून साधे काट्याचे घड्याळ लागते. पूर्वी मासिकातली जाहिरात कापून पोस्टाने व्ही.पी. मागवायची पद्धत होती. पोस्टमनला पैसे मोजून दिल्यावर डबा हातात पडायचा. आता कुरिअरवाला मुलगा मोटारसायकलवर येतो, पण व्यवहार तोच आहे. वस्तू न बघता पैसे मोजायचे आणि मग डबा उघडायचा.

घड्याळ आले की मुले ते घेऊन आमच्याकडे येतात. "सर, चांगले आहे ना?" डब्यावरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचून दाखवणे हे मास्तराचेच काम, असे गावात सगळे धरून चालतात. पण खरे सांगायचे तर दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हालाही घड्याळातले काही कळत नव्हते. जे कळले ते ठेच लागून कळले. म्हणून आधी ती ठेच सांगतो.

आमच्या अब्बांकडे तरुणपणी एचएमटीचे 'जनता' घड्याळ होते. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला. रोज चावी द्यायचे, सतरा ज्वेलचे 'जनता' हे त्या काळी शिक्षक, कारकून, कंडक्टर अशा लोकांचे घड्याळ होते. लग्नात जावयाला हेच दिले जाई. पुढे १९८७ मध्ये टायटनची सेलवर चालणारी घड्याळे बाजारात आली आणि चावीचा जमाना मागे पडला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. अब्बांचे घड्याळ त्याच्या बरेच आधी एका लग्नाच्या गर्दीत हरवले होते. त्याची आठवण ते अधूनमधून काढत.

आम्हाला वाटले, अब्बांना तसेच घड्याळ आणून द्यावे. मोबाइलवर शोधले तर जुन्या चावीच्या घड्याळांची रांगच दिसली. तबकडी कोरी करकरीत, केस चकचकीत, वर 'ओरिजिनल' असा शेरा. एक हजार आठशे पन्नास रुपये भरले. आठ दिवसांत पार्सल आले. अब्बांनी घड्याळ हातात घेतले, कानाला लावले, थोडा वेळ बघत राहिले आणि "छान आहे, बेटा" म्हणून मनगटावर बांधले. आम्ही खूश झालो.

नंतर रमजान आला. एका रात्री आम्ही मुलाबाळांसह जालन्याला सासुरवाडीला होतो. घरी अब्बा आणि अम्मी दोघेच. सहेरीच्या वेळी वीज गेली, मशिदीचा माइक बंद पडला. आमचे घर गावाच्या कडेला आहे, मुअज्जिनचा साधा आवाज तिथवर पोचत नाही. अब्बांनी टॉर्चच्या उजेडात मनगटाकडे पाहिले. अजून सहा मिनिटे होती. त्यांनी भाकरी संपवली, पाणी प्यायले, नियत केली. मशिदीत गेल्यावर भिंतीवरचे घड्याळ पाहिले, तेव्हा कळले की मनगटावरचे घड्याळ नऊ मिनिटे मागे आहे. म्हणजे सहेरीची वेळ संपल्यावर ते जेवत होते.

अब्बांनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही खाल्ले-प्यायले नाही, आणि ईद झाल्यावर त्या रोजाची कजा केली. आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. शव्वालमध्ये त्यांचा रोजा पाहून आम्हाला वाटले, ते सहा नफल रोजे ठेवत असतील. खरी गोष्ट अम्मीने सांगितली. वर असेही सांगितले की, घड्याळाची तबकडी नव्याने रंगवलेली आहे हे अब्बांनी पहिल्याच दिवशी ओळखले होते. मुलाने हौसेने आणले, त्याचे मन का मोडायचे, म्हणून ते गप्प राहिले.

आम्ही ते घड्याळ मेहकरला एका जुन्या कारागिराकडे नेले. त्याने मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि हसला. "सर, यात तीन घड्याळे आहेत." यंत्राचा एक भाग एका घड्याळाचा, दुसरा भाग दुसऱ्याचा, काटे तिसऱ्याचे. तेल सुकून गेलेले, स्क्रूवर ओरखडे. तबकडीवर नवा रंग आणि नव्याने छापलेली अक्षरे. अशा घड्याळांना जगभरचे शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात, हे आम्हाला नंतर कळले. जुनी, मोडकी घड्याळे गोळा करून, एकाचे भाग दुसऱ्याला लावून, तबकडी रंगवून ती टपालाने दूरदूरच्या देशांत विकली जातात. आपल्या मुंबईचे नाव असे गाजावे, याचे वाईट वाटते.

पण एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. जुने घड्याळ दुरुस्त करणे, तबकडी रंगवणे हा काही गुन्हा नाही, तो कारागिराचा हुन्नर आहे. "तबकडी रंगवलेली आहे, भाग बदललेले आहेत" असे सांगून विकले तर तो हलाल व्यवहार आहे. तेच घड्याळ 'ओरिजिनल' म्हणून विकले की धोका झाला. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. धान्य पावसाने भिजले हा विक्रेत्याचा दोष नव्हता. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवले नाही, हा त्याचा दोष होता. मोबाइलवरचा फोटो म्हणजे राशीचा वरचा थर. आत हात घालून बघायचे काम आपले आहे.

हात कसा घालायचा, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट किमतीची. छापील किंमत ४,९९९ आणि विक्री ४९९ असे दिसले की आपल्याला साडेचार हजार वाचल्यासारखे वाटते. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, असा कायदा आहे. पण ती किंमत छापतो कंपनीवालाच. म्हणून खोडलेल्या आकड्याकडे बघूच नये. ४९९ रुपयांत दुसरी कोणती घड्याळे मिळतात, त्यांच्याशी तुलना करावी. डब्यावर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, कोणत्या देशात बनले, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असलाच पाहिजे. हे नसेल तर घड्याळ कितीही देखणे असो, त्याला वाली नाही असे समजावे.

दुसरी गोष्ट यंत्राची. सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. मुलांना हे गणित आवडते. या संख्येला पंधरा वेळा दोनने भागा, उत्तर एक येते. तोच एक सेकंदाचा ठोका. जपानच्या सायको कंपनीने १९६९ च्या डिसेंबरात असे पहिले मनगटी घड्याळ विकायला आणले, तेव्हा ते फार महाग होते. आज तेच तंत्र काहीशे रुपयांत मिळते. म्हणून स्वस्त घड्याळ वेळ चुकीचीच दाखवणार, हा समज सोडून द्यावा. साधे क्वार्ट्झ यंत्र महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त चुकू नये. चावीचे जुने घड्याळ मात्र चांगले असले तरी दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे होते.

मग स्वस्तात काटकसर कुठे केलेली असते? केस, काच, पट्टा आणि पाणी अडवण्याची व्यवस्था या चार ठिकाणी. मागच्या झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलेले असते. त्याचा अर्थ फक्त झाकण स्टीलचे. बाकी केस पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असून वर मुलामा असू शकतो. आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात घामाने तो मुलामा उडतो आणि काहींच्या कातडीवर खाज उठते. तबकडीवर तीन छोट्या तबकड्या दिसल्या तर त्या खरोखर फिरतात का, हे विचारावे. पुष्कळदा त्या नुसत्या छापलेल्या असतात. पाचशे रुपयांत 'सफायर' काच म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पाण्याची गोष्ट आपल्यासाठी विशेष महत्त्वाची, कारण दिवसातून पाच वेळा वुजू होतो. '३० मीटर' लिहिले म्हणजे ते घालून तीस मीटर खोल जाता येते, असे नाही. त्याचा अर्थ शिंतोडे उडाले तर चालेल, एवढाच. पोहायचे असेल तर '१०० मीटर'वाले घ्यावे. काहीच लिहिले नसेल तर वुजूच्या वेळी घड्याळ काढूनच ठेवावे. तसेही घट्ट पट्ट्याखाली पाणी पोचणे जरुरी आहे, म्हणून काढणे किंवा सरकवणे चांगलेच. पुरुषांना सोने मना आहे हे सर्वांना माहीत आहे. सोनेरी मुलाम्याच्या घड्याळाबद्दल आपापल्या आलिमांना विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट तपासणीची. पार्सल उघडताना घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगावे. मग घड्याळ मोबाइलच्या वेळेशी सेकंदासकट लावावे आणि वहीत तारीख लिहावी. सात दिवस रोज त्याच वेळी ताडून बघावे. सात दिवसांत चार-पाच सेकंदांचा फरक असेल तर घड्याळ उत्तम. एक मिनिट किंवा जास्त फरक पडला तर परत करावे. तारीख असेल तर ती रात्री बाराच्या आसपास बदलते का बघावे. काचेच्या आत वाफ धरते का, हेही बघावे. मात्र परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे, ते घेण्यापूर्वीच वाचावे. आम्ही ते वाचले नव्हते. आम्हाला जाग आली तेव्हा मुदत केव्हाच संपली होती.

न बघता घेतलेली वस्तू बघितल्यावर नापसंत करण्याचा हक्क हनफी फिकहमध्ये शेकडो वर्षांपासून आहे. त्याला 'खियार-ए-रूयत' म्हणतात. वस्तूत ऐब निघाला तर परत करण्याचा हक्क, तो 'खियार-ए-ऐब'. आपल्या देशाचा कायदाही ग्राहकाच्या बाजूचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० मध्ये ऑनलाइन व्यापाराचे नियम झाले. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. तो टाळाटाळ करू लागला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

पण हक्काबरोबर अमानतही आली. काही घरांतून घड्याळ मागवतात, वलीम्यात मिरवतात आणि दोन दिवसांनी "आवडले नाही" म्हणून परत पाठवतात. रंगवलेली तबकडी विकणाऱ्यात आणि आपल्यात मग फरक काय राहिला? मुले हे बघत असतात. सात दिवस तपासायला मिळतात, ते वापरून फेकायला नव्हेत.

आता मुले घड्याळ घेऊन आली की आम्ही उत्तर देत नाही. त्यांच्या हातात वही देतो आणि सात दिवसांचा तक्ता आखायला सांगतो. गेल्या वर्षी एका मजुराच्या मुलीचे ३९९ रुपयांचे घड्याळ सात दिवसांत फक्त तीन सेकंद पुढे गेले. तिच्या वर्गमैत्रिणीचे त्याहून तिप्पट किमतीचे घड्याळ दोन मिनिटे मागे पडले. ते मुदतीत परत गेले आणि पैसेही परत आले. दोघींनी परीक्षा वेळेत दिली.

अब्बांचे ते तीन घड्याळांचे मिळून एक झालेले घड्याळ कारागिराने धुऊन, तेल घालून साडेतीनशे रुपयांत चालते करून दिले. आता ते दिवसाला अर्धा मिनिट मागे पडते. जोहरनंतर अब्बा ते रोज मशिदीच्या घड्याळाशी मिळवतात आणि चावी देतात. आम्ही माफी मागितली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बेटा, चूक माझीही आहे. पहिल्या दिवशीच सांगायला हवे होते."

येत्या रमजानात सहेरीसाठी त्यांच्या उशाशी सेलचे एक साधे घड्याळ ठेवणार आहोत. आम्ही ते सात दिवस ताडून पाहिले आहे.