विश्लेषण : हेडलाइटच्या वायरमधून कार चोरी कशी होते?

लंडनमधील सायबरसुरक्षा संशोधक इयान टेबर यांच्या टोयोटा आरएव्ही४ गाडीचा बंपर २०२२ मध्ये कोणीतरी उचकटला आणि हेडलाइटची वायर काढली. त्यांना आधी हा टवाळखोरांचा उद्योग वाटला. पुन्हा तसेच घडले आणि लगेच गाडीच गायब झाली. काच फुटली नव्हती, किल्लीही घरातच होती.

हेडलाइटचा संबंध काय?

आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, दरवाजे, दिवे यांचे छोटे-छोटे संगणक असतात. प्रत्येकाला स्वतंत्र वायर जोडत बसलो तर वायरींचे जंगल होईल. म्हणून बॉश कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन बस’ आणली. तारा दोनच, त्यावर सगळे बोलतात, सगळे ऐकतात. स्मार्ट हेडलाइटही त्यावरच असतो आणि बाहेरून हाताला लागतो.

मग कोण बोलतेय, हे कळते कसे?

खरी मेख इथेच आहे. ते कळतच नाही! प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. मूळ पद्धतीत असे २,०४८ क्रमांक आहेत. क्रमांकावरून विषय कळतो, पाठवणारा नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज दिसावा, पण नंबर दिसू नये, तसे. चोरांनी ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात दडवलेले यंत्र वायरला जोडून ‘किल्ली खरी आहे’ असा खोटा संदेश सोडला. गाडीने विश्वास ठेवला.

उपाय काय?

पहिला, सुट्या भागांचे गट वेगळे करणे. दिव्यांचा गट एका तारेवर, इंजिन-किल्लीचा दुसऱ्यावर आणि मध्ये पहारेकरी, म्हणजे ‘गेटवे’. मात्र पहारेकऱ्याने येईल तो संदेश पुढे ढकलला, तर उपयोग शून्य. म्हणून दुसरा उपाय महत्त्वाचा : प्रत्येक संदेशावर गुप्त डिजिटल सही. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना सायबरसुरक्षेचे नियम लागू आहेत. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

आपण काय करावे?

भारतातल्या गाड्यांतही कॅन बसच असते. त्यामुळे बंपर किंवा हेडलाइट उचकटलेला दिसला, तर ‘कोणीतरी घासून गेला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. स्टीअरिंगला साधे लोखंडी कुलूप लावा. त्याला कुठलाही खोटा मेसेज पाठवता येत नाही.