भिंतीआडचे नाव

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते, चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते. परंतु पडद्यावरचे जे खेळ तुम्ही तासन्‌तास खेळता (घरातील मंडळी त्यावरून रागावतात, तो भाग निराळा!), ते कोणी रचले असा प्रश्न तुमच्या मनात कधी आला आहे काय?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अटारी नावाची एक कंपनी होती. घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळता येईल असे एक यंत्र तिने १९७७ साली विक्रीस आणले. त्याच वर्षी वॉरन रॉबिनेट नावाचे एक तरुण संगणकतज्ज्ञ तेथे नोकरीस लागले. त्या काळी एक संपूर्ण खेळ बहुधा एकच माणूस रचीत असे. कल्पना त्याची, चित्रे त्याची, ध्वनी त्याचे आणि यंत्राला द्यावयाच्या आज्ञाही त्याच्याच.

मोठ्या संगणकांवर तेव्हा गुहांतून भटकण्याचा एक खेळ होता. तो केवळ शब्दांनी खेळला जाई. तो चित्ररूपाने घराघरांत न्यावा, असे रॉबिनेट यांच्या मनाने घेतले. वरिष्ठांनी सांगितले, की हे होणे नाही. त्यांचेही अगदीच चुकले असे म्हणवत नाही. कारण खेळाच्या सर्व आज्ञा ४०९६ बाइटमध्ये बसवावयाच्या होत्या. एका बाइटमध्ये रोमन लिपीतील एक अक्षर मावते. म्हणजे छापील दोन-तीन पानांएवढीच जागा! एवढ्याशा जागेत रॉबिनेट यांनी किल्ले, चक्रव्यूह, तीन अजस्र सर्प आणि हातची वस्तू पळवणारे एक खट्याळ वटवाघूळ बसवले. खेळाचे नाव ‘अ‍ॅडव्हेंचर’. त्याच्या सुमारे दहा लाख प्रती खपल्या. एकेकीची किंमत सुमारे २५ डॉलर. रॉबिनेट यांना मात्र वर्षाचा सुमारे २२,००० डॉलर पगार तेवढा मिळाला. विक्रीतला वाटा नाही आणि खेळावर नावही नाही, कारण रचनाकारांची नावे छापावयाची नाहीत, असे कंपनीचे धोरण होते.

मग त्यांनी एक युक्ती केली. चक्रव्यूहाच्या एका कोनाड्यात त्यांनी जमिनीच्याच रंगाचा एक ठिपका ठेवला. तो डोळ्यांना दिसत नाही. चाचपडत तो उचलून, इतर काही वस्तूंसह एका विशिष्ट भिंतीपाशी नेला, की त्या भिंतीतून पलीकडे जाता येते. पलीकडच्या दालनात रंग पालटत झळकणारी अक्षरे दिसतात : हा खेळ वॉरन रॉबिनेट यांनी रचला. त्या तुटपुंज्या जागेपैकी जवळजवळ पाच टक्के जागा त्यांनी या दालनासाठी खर्ची घातली आणि कोणापाशी अवाक्षरही न काढता १९७९ साली नोकरी सोडली. पुढे १९८० साली पंधरा वर्षांच्या एका मुलाने ती खोली शोधून काढली व कंपनीला पत्र लिहिले. ती काढून टाकावयाची तर खर्च फार, म्हणून कंपनीने ती तशीच राहू दिली. ईस्टरच्या सणाला मुलांनी शोधावीत म्हणून रंगीत अंडी दडवून ठेवतात. त्यावरून खेळांतील अशा गुप्त गोष्टींना ‘ईस्टर एग’ हे नाव पडले.

कोणी म्हणेल, पगार घेतला, काम केले. मग नावाचा हट्ट कशाला? मला हे म्हणणे पटत नाही. नाव म्हणजे केवळ मिरवण्याची वस्तू नव्हे. ज्याचे नाव कामावर असते, त्याला त्यातील दोषांचाही जाब द्यावा लागतो. तथापि मालकाच्या नकळत केलेली गोष्टही मला संपूर्णपणे रुचत नाही. त्याच कंपनीतील चौघा खेळकर्त्यांनी १९७९ साली बाहेर पडून अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि खेळांवर रचनाकारांची नावे उघडपणे छापली. तो मार्ग अधिक सरळ. परंतु नवी कंपनी काढणे प्रत्येकाच्या आवाक्यात थोडेच असते?

हे लिहिताना मला माझीच एक चूक आठवते. मी मुख्याध्यापक असताना शाळेच्या हस्तलिखित अंकाची सारी वेलबुट्टी सातवीतल्या एका मुलाने काढली होती. अंकावर संपादक म्हणून माझे नाव होते. त्याचे कोठेच नव्हते. प्रकाशनानंतर तो एकेक पान उलटीत बराच वेळ उभा होता. तो काय शोधत होता, हे मला फार उशिरा उमगले.

नोकरी सोडल्यावर रॉबिनेट यांनी १९८० साली तिघींच्या साथीने ‘द लर्निंग कंपनी’ स्थापन केली. त्या तिघींपैकी लेस्ली ग्रिम यांच्यासह त्यांनी १९८२ साली ‘अ‍ॅपल टू’ या घरगुती संगणकासाठी ‘रॉकीज बूट्स’ नावाचा खेळ रचला. त्यात मुले तारा जोडून ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या तीन शब्दांवर चालणारी यंत्रे तयार करीत आणि ती यंत्रे नेमक्या वस्तूला लाथ मारून उडवीत. या वेळी कंपनी त्यांचीच होती. नाव दडवण्यासाठी भिंत बांधावी लागली नाही.