घोडी बांधावी, पण लाकूड कापू नये

गोव्यात गिटार आता पाहुणी राहिलेली नाही. लग्नाचा बँड, तियात्र, कॉलेजचे गॅदरिंग आणि अधूनमधून मराठी भावगीतांचा कार्यक्रम, सगळीकडे ती असते. मराठीत मात्र तिच्याविषयी आपण फारसे लिहीत नाही. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या दोघातिघा तरुण वादकांनी मला एकच प्रश्न विचारला. इलेक्ट्रिक गिटारचा हलता ट्रेमोलो ब्रिज बंद करून तो स्थिर करावा का? माझे उत्तर असे की जरूर करावा, पण उद्या मन बदलले तर पुन्हा उघडता येईल अशा रीतीनेच.

ब्रिज म्हणजे आपली घोडी. तंबोऱ्याची किंवा सतारीची घोडी जागच्या जागी बसलेली असते. १९५४ साली फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, तिची घोडी मात्र झुलणारी होती. ब्रिजच्या पट्टीखाली धातूचा एक ठोकळा शरीरात उतरतो. मागच्या पोकळीत तीन ते पाच स्प्रिंगा त्या ठोकळ्याला मानेच्या दिशेने ओढून धरतात. वरून तारा ओढतात, खालून स्प्रिंगा. दांडा दाबला की तारा सैल होऊन सूर उतरतो, सोडला की परत येतो. याला ट्रेमोलो म्हणतात खरे, पण ते नावच चुकीचे. ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणाची थरथर. इथे हलतो तो सूर, म्हणजे व्हायब्रेटो. चुकीचे नाव एकदा रुळले की रुळलेच!

ही रचना म्हणजे तराजू आहे, आणि साऱ्या तक्रारी तिथूनच येतात. नऊच्या सेटमधल्या सहा तारा मिळून सुमारे ३८ किलोची ओढ देतात, दहाच्या सेटमधल्या सुमारे ४६ किलोची. या ओढीचा तोल स्प्रिंगांना सांभाळावा लागतो. ब्रिज तरंगता ठेवला असेल आणि एक तार तुटली, तर एका पारड्यातले वजन गेले. उरलेल्या पाचही तारा चढतात आणि गाणे तिथेच संपते. एक तार बोटाने ओढून सूर चढवला की बाजूच्या तारा किंचित उतरतात. सहावी तार मुद्दाम एक स्वर खाली उतरवली की बाकीच्या वर सरकतात.

तंबोरा जुळवणाऱ्या माणसाला यातली अडचण लगेच कळेल. मालकंसासाठी आपण पंचमाची तार मध्यमावर उतरवतो. तेवढ्याने जोडाच्या तारा आणि खर्ज चढू लागले, तर गायकाने काय करायचे? एक तार लावली की दुसरी बिघडावी, दुसरी लावली की पहिली, असा तंबोरा कुणी मैफलीत आणणार नाही. सूर लागलेला राहणे ही पहिली अट. बाकीचे अलंकार नंतर.

त्यात आपली हवा. जून ते सप्टेंबर गोव्यात भिंतींनाही घाम फुटतो, आणि किनाऱ्याजवळ खारा वारा बारा महिने. स्प्रिंगा आणि स्क्रू गंजतात. ब्रिज ज्या कडेवर झुलतो ती कड खरबरीत होते आणि दांडा सोडल्यावर ब्रिज नेमका पूर्वीच्या जागी परत येत नाही. मग वादक दर गाण्यानंतर खुंट्या पिळत बसतो. जो वर्षातून चार वेळाही दांड्याला हात लावत नाही, त्याने हा भार का वाहावा?

आता बंद करायचे कसे. सर्वांत साधा उपाय म्हणजे मागचे झाकण काढून स्प्रिंगांच्या आकड्याचे दोन स्क्रू आवळायचे, गरज पडल्यास स्प्रिंगा वाढवायच्या आणि ब्रिजची पट्टी लाकडावर सपाट टेकवायची. पुष्कळांचे काम एवढ्यात भागते. त्यापुढचा उपाय पाचरीचा. टेकवलेल्या ब्रिजचा ठोकळा आणि गिटारच्या बुडाकडची पोकळीची भिंत यांच्यामध्ये शिसव किंवा सागवानाचा नीट मापाचा तुकडा बसवायचा. ब्रिज तरंगताच ठेवून बंद करायचा असेल तर ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना तुकडे लागतात. तुकडा घट्ट बसावा, पण हातोड्याने ठोकू नये. गोंद तर मुळीच लावू नये. नंतर तारांची उंची आणि स्वरस्थाने पुन्हा तपासायची.

हा काही गरिबाचा जुगाड नव्हे. एरिक क्लॅप्टनने वर्षानुवर्षे असाच लाकडी तुकडा घालून आणि पाचही स्प्रिंगा लावून स्ट्रॅटोकास्टर वाजवली. १९८८ साली त्याच्या नावाचे मॉडेल निघाले, तेही ट्रेमोलो बंद करूनच. खुद्द फेंडरही सुरुवातीपासून दांड्याविना, स्थिर ब्रिजची स्ट्रॅटोकास्टर विकत असे.

तिसरा मार्ग कायमचा. पोकळीत लाकूड चिकटवून ती बुजवायची, नवी भोके पाडायची आणि स्थिर ब्रिज ठोकायचा. माझा विरोध आहे तो याला. स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असते. नव्या ब्रिजची जागा दोनचार मिलिमीटरनी चुकली तर साऱ्या पट्टीवर सूर बेसूर होतो. स्प्रिंगांच्या आकड्याला जोडलेली अर्थिंगची वायर नव्या ब्रिजला जोडायची राहिली तर अँपमधून गुणगुण सुरू होते. आणि एवढे करून मिळते काय? पाचर घालून मिळणारी स्थिरताच, थोड्याफार फरकाने. मात्र परतीची वाट बंद झालेली असते.

परतीची वाट का ठेवायची, याला कारण आहे. मींड बोटातून यावी, दांड्यातून नव्हे, असे आपल्याकडचे शास्त्रीय वळणाचे लोक म्हणतात, आणि मला ते बरेचसे पटते. पण बोटाने तार ओढली की सूर फक्त चढतो. उतरती मींड हवी तर तार आधीच ओढून ठेवून सोडावी लागते. मोकळ्या तारेच्या खाली तर बोटाने जाताच येत नाही. दांड्याने जाता येते. २०२३ च्या जानेवारीत गेलेल्या जेफ बेकची १९८९ सालची ‘व्हेअर वेअर यू’ ही रचना ऐका. तिथे दांड्याच्या आधाराने सूर असा सरकतो की एखाद्या ख्यालगायकानेही मान डोलवावी. दांडा म्हणजे नुसता धिंगाणा, असे मग म्हणता येत नाही.

म्हणून वादकांना माझे सांगणे एवढेच. आधी खात्री करून घ्या की दोष ब्रिजचाच आहे. पुष्कळदा तार वरच्या नटच्या खाचेत अडकत असते, आणि खाचेत पेन्सिलीचे शिसे घासले तरी काम होते. तरीही सूर ठरत नसेल तर पाचर घाला, निःशंक मनाने घाला. वर्षभर तशी वाजवा. दांड्याची आठवण आली नाही तर पाचर राहू द्या, आली तर काढा. काढलेल्या स्प्रिंगा आणि दांडा मात्र तेलाचे बोट फिरवून डब्यात जपून ठेवा. वीस वर्षांनी ती गिटार तुमच्या मुलीच्या हातात गेली, तर तिला कोणती मींड ऐकू येईल हे आज तुम्ही का ठरवावे?